मसूर स्टेशनवरचा भिवा यंत्राला का दिसत नाही?

शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक नवी लाट आलेली आहे. पाठ कोणताही असो, 'एआयकडून चित्र काढून घ्या आणि वर्गात दाखवा' असा सल्ला दिला जातो. सावित्रीबाईंचा पाठ असेल तर सावित्रीबाईंचे गुळगुळीत, गोरेपान, सिनेमातल्या नायिकेसारखे चित्र येते. गावाचा पाठ असेल तर तुळशीवृंदावन, चौसोपी वाडा, नऊवारीतली बाई आणि मागे मंदिराचे शिखर. गाव म्हटले की एवढेच. गावाला वेशीबाहेरची एक बाजू असते हे त्या चित्रात कधीच येत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या वर्गांत एआयचे शिक्षण आणण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे हा विषय आता चार हौशी शिक्षकांपुरता राहणारा नाही. आमची मुले ज्या शाळांत शिकतात त्या जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांपर्यंत तो येणारच आहे, आणि येताना आपल्याला विचारून येणार नाही.

चळवळीतले आमचे काही मित्र म्हणतात, हे यंत्र भांडवलदारांचे, त्यात मनुवाद भरलेला, तेव्हा वर्गाबाहेर फेका. दुसरे मित्र, त्यातले बहुतेक स्वतः शिक्षक, म्हणतात की तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात का शोधता, चित्र ते चित्र. आम्हाला दोन्ही बाजू मान्य नाहीत. यंत्राला नाही म्हणणे ही बाबासाहेबांची परंपरा नव्हे. गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्रविरोधाला स्पष्ट शब्दांत नकार दिला होता. ज्याला पोटासाठी दिवसभर राबावे लागते त्याला विचार करायला, शिकायला वेळ मिळायचा असेल तर यंत्र हवे, ही त्यांची भूमिका होती. मैला डोक्यावरून वाहणाऱ्याला यंत्राचे वाईट कोण सांगणार? तेव्हा प्रश्न यंत्र हवे की नको हा नाही. वर्गात ते गुरुजी म्हणून बसणार की तपासायची वस्तू म्हणून, एवढाच प्रश्न आहे.

आणि 'चित्र ते चित्र' म्हणणाऱ्यांना २०१२ साल आठवत असेलच. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र छापले होते. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे. त्यावरून संसदेत गदारोळ झाला, सरकारने ते चित्र काढायचे ठरवले, पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड चूक होती, आम्ही तेव्हाही तसेच म्हणत होतो. पण त्या वादात एक प्रश्न रास्त होता आणि तो विद्वानांनी हसण्यावारी नेला. ते सांगत होते की चित्राशेजारचा मजकूर वाचा, त्यात सगळा संदर्भ दिलेला आहे. अहो, पण मूल आधी चित्र पाहते! मजकूर परीक्षेपुरता लक्षात राहतो, चित्र जन्मभर. संविधान बनायला उशीर का लागला याचे उत्तर ज्याला आठवत नाही, त्यालाही तो चाबूक आठवतो. त्या वेळी वाद एका चित्राचा होता, आणि ते काढणारा, छापणारा, निवडणारा अशी माणसे समोर होती. आता प्रत्येक वर्गात, प्रत्येक तासाला नवे चित्र तयार होणार, आणि जाब विचारायला समोर कोणीही नसणार.

हे यंत्र चित्र काढते कसे, ते आधी समजून घेऊ. त्याला इंटरनेटवरची कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्यासोबतचे शब्द दाखवलेले असतात. स्टेबल डिफ्यूजन हे गाजलेले यंत्र ज्या लायन नावाच्या साठ्यातून शिकले, त्या साठ्याच्या मोठ्या आवृत्तीत सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकुराच्या जोड्या आहेत, आणि शिकवण्यासाठी मुख्यतः इंग्रजी मजकुराचा भाग वापरला गेला. कोणत्या शब्दासोबत कोणते रूप वारंवार येते, एवढेच यंत्र शिकते. मग तुम्ही शब्द दिलात की ते रंगांच्या ठिपक्यांच्या गोंधळातून सुरुवात करते आणि त्या शब्दाशी जास्तीत जास्त जुळेल असे रूप हळूहळू घडवते. त्याला सातारा माहीत नाही, १९०१ साल माहीत नाही. 'या शब्दासोबत सहसा काय दिसते' एवढेच माहीत आहे.

आता विचार करा, इंटरनेटवर 'दलित' हा शब्द कोणत्या फोटोखाली लिहिलेला असतो? अत्याचाराच्या बातमीखाली. गटारात उतरलेल्या कामगाराच्या फोटोखाली. जळालेल्या घराखाली, मोर्चाखाली. आमच्यातला डॉक्टर जेव्हा फोटोत येतो तेव्हा खाली फक्त 'डॉक्टर' लिहिलेले असते. आमची प्राध्यापिका 'प्राध्यापिका' असते, आमचा इंजिनिअर 'इंजिनिअर'. म्हणजे आमचे दुःख आमच्या जातीच्या नावावर जमा होते आणि आमचे कर्तृत्व सर्वसाधारण खात्यात जाते. ब्राह्मणाचे याच्या उलट. हे कोणी एका खोलीत बसून केलेले कारस्थान नाही, समाजाने आजवर फोटोंखाली जे लिहिले त्याची ही बेरीज आहे. म्हणूनच ते जास्त चिवट आहे.

हा आमचा नुसता तर्क नाही. २०२३ मध्ये ब्लूमबर्गने स्टेबल डिफ्यूजनची पाच हजारांहून अधिक चित्रे तपासली. चांगल्या पगाराच्या कामांसाठी यंत्र उजळ कातडीची माणसे काढत होते, कमी पगाराच्या कामांसाठी सावळी. त्याच वर्षी रेस्ट ऑफ वर्ल्ड या नियतकालिकाने मिडजर्नीला 'भारतीय माणूस' काढायला सांगितले, तर जवळजवळ प्रत्येक वेळी दाढीवाला म्हातारा पुरुष आला, बहुतेकांच्या डोक्याला पागोटे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने ओपनएआयच्या यंत्रांची जातीच्या अंगाने तपासणी छापली. 'दलित काम' असे सांगितले की सोरा हे यंत्र मळक्या कपड्यातला, काळ्यासावळ्या रंगाचा, हातात झाडू घेतलेला किंवा मॅनहोलमधला माणूस काढत होते. 'ब्राह्मण काम' म्हटले की उजळ रंगाचा, पांढऱ्या वस्त्रातला पुरोहित. आणि 'दलित वर्तन' असे शब्द दिल्यावर काही वेळा चक्क कुत्र्याचे आणि मांजराचे चित्र आले. वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. हेच यंत्र आपण आठ-नऊ वर्षांच्या पोरांसमोर ठेवणार आहोत.

आता शीर्षकातल्या मसूर स्टेशनकडे येतो, कारण आमच्या मते सगळा मुद्दा तिथे आहे.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचे छोटेसे आत्मकथन महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या बाराव्या खंडात आहे. त्यात १९०१ सालची हकिकत येते. वडील रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तिथे तलाव खणण्याचे काम सुरू होते. सुट्टीत मुलांनी वडिलांकडे जायचे ठरले. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. पत्र वडिलांच्या हाती न पडल्याने न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर चौकशीला आला. त्याला ही मुले ब्राह्मणाची वाटली. का वाटली? कारण ती नीटनेटकी होती. प्रवासासाठी नवे कपडे शिवले होते. अंगात नवे सदरे, डोक्यावर चमकदार टोप्या, पायांत नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. बोलणेही शहाण्या घरच्या मुलांसारखे. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? मुलांनी सरळ सांगितले, महार. आणि त्याचा चेहरा पालटला. पुढे बैलगाडीवाले नकार देत राहिले, दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. सोबत डबा भरलेला होता, पण प्यायला पाणी मिळेना. मुले उपाशी झोपली.

या प्रसंगाचे मर्म कपड्यांत आहे. अस्पृश्यता ही मळलेल्या अंगाला, फाटक्या कपड्याला चिकटलेली गोष्ट आहे, स्वच्छ राहिलात की ती जाते, हा जो शहाजोग उपदेश आम्हाला शंभर वर्षे केला गेला, त्याचे उत्तर नऊ-दहा वर्षांच्या या मुलाच्या रेशीमकाठी धोतरात आहे. तो स्वच्छ होता, नीट बोलत होता, स्टेशनमास्तरला आवडलाही होता. एका शब्दाने सगळे संपले.

आम्ही वस्तीतल्या आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात हा प्रसंग एका मोफत मिळणाऱ्या यंत्राला काढायला सांगितला. मजकूर सातवी-आठवीच्या मुलांनीच तयार केला: १९०१, सातारा जिल्ह्यातले लहान स्टेशन, महार जातीची मुले, वडिलांची वाट पाहताहेत. यंत्राने फाटक्या सदऱ्यातली, अनवाणी, धुळीने माखलेली, रडवेली मुले काढली. मुलांनी पुन्हा सांगितले: नवे कपडे, नवे जोडे, टोपी. कपडे आले, पण आता मुलांचा रंग उजळला आणि एकाच्या कपाळावर गंध आले! म्हणजे यंत्राच्या डोक्यात दोनच खाने आहेत. महार म्हटले की फाटके, नवे कपडे म्हटले की ब्राह्मण. ज्या स्टेशनमास्तरची गोष्ट आम्ही त्याला काढायला सांगत होतो, तोच स्टेशनमास्तर यंत्राच्या आत बसलेला निघाला.

हे आम्ही नाही, आठवीतल्या एका मुलीने म्हटले. तिने शब्द वेगळे वापरले होते, "ह्याला पण तसंच वाटतंय." एवढे एक वाक्य तिच्या तोंडून येण्यासाठी ते यंत्र वर्गात आणण्याचे सार्थक झाले, असे आम्ही मानतो. आणि म्हणूनच आम्ही बंदीवाल्यांच्या बाजूने नाही.

दुसरा प्रयोग साताऱ्याच्या शाळेचा केला. तिथे भिवा वर्गात वेगळा, कोपऱ्यात, स्वतःच्या गोणपाटावर बसायचा. ते गोणपाट शाळेची झाडलोट करणारा नोकरही शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. शिपाई असेल तरच पाणी, नाहीतर तहानलेले राहायचे. हे सगळे लिहून दिल्यावर यंत्राने काय काढावे? गोणपाटावर बसलेला मुलगा वर्गाच्या मधोमध, आजूबाजूला हसणारी मुले, आणि गुरुजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे. पहिल्या प्रयोगात यंत्राने आम्हाला दीनवाणे केले, दुसऱ्यात अत्याचारच पुसून टाकला. कंपन्यांना 'वादग्रस्त' काही नको असते, म्हणून यंत्रांना गोड वागायला शिकवलेले असते. त्या गोडपणाचे टोक फेब्रुवारी २०२४ मध्ये जगाने पाहिले. गुगलच्या जेमिनीने नाझी काळातल्या जर्मन सैनिकांच्या गणवेशात कृष्णवर्णीय आणि आशियाई माणसे काढली, आणि कंपनीला माणसांची चित्रे काढणे काही काळ बंद ठेवावे लागले. त्या वेळी गोऱ्या जगाने आरडाओरडा केला. आमच्या गुरुजींनी भिवाच्या खांद्यावर ठेवलेल्या हाताबद्दल कोण ओरडणार?

यात आणखी एक धोका आहे आणि तो आमच्याच लोकांमुळे वाढतो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. २० मार्च आणि ६ डिसेंबर जवळ आले की चवदार तळ्याची, दीक्षाभूमीची, रमाईंची एआयने बनवलेली कृष्णधवल चित्रे 'दुर्मिळ फोटो' म्हणून फिरू लागतात. पोरे भक्तिभावाने पुढे पाठवतात, शाळेत फलकावर लागतात. चित्रातल्या बाबासाहेबांच्या हाताला सहा बोटे असली तरी कोणी पाहत नाही. आमचा इतिहास आधीच कमी नोंदला गेला. जो नोंदला गेला तो कागदपत्रांनी, साक्षींनी, 'बहिष्कृत भारत'च्या अंकांनी तोलून धरलेला आहे. त्यात उद्या एक बनावट फोटो सापडला की 'तुमचे सगळेच बनावट' म्हणायला टपून बसलेले लोक कमी नाहीत. खोट्या फोटोची गरज त्यांना आहे, ज्यांच्याकडे खरे काही नाही. आपल्याला ती गरज का पडावी?

आता शिक्षकांची बाजू. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक वर्षानुवर्षे स्वतःच्या खिशातून तक्ते आणि रंग आणतो. चित्रकलेचा वेगळा शिक्षक बहुतेक ठिकाणी नाहीच. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे धोरण २०२३ मध्ये याच राज्यात पुढे आले. अशा स्थितीत त्याला मोबाइलवर फुकट चित्र मिळत असेल तर त्याला दोष कसा द्यायचा? आम्ही देत नाही. पेशींची रचना, पावसाचे चक्र, भूमितीच्या आकृत्या यांसाठी त्याने जे हवे ते वापरावे, फक्त पुस्तकाशी ताडून पाहावे, कारण यंत्र पेशीतही मनाचे भाग घालते. माणसाचे चित्र आले, समाजाचे आले, इतिहासाचे आले की मात्र थांबावे.

शिवाय जिथे हे सगळे राबवायचे म्हणतात तिथली अवस्थाही पाहा. केंद्राच्याच यूडायस प्लस अहवालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशातल्या सुमारे ५७ टक्के शाळांत चालू संगणक होते आणि इंटरनेट सुमारे ५४ टक्के शाळांत. उरलेल्या शाळा कोणाच्या, हे आंबेडकरी वाचकाला सांगावे लागत नाही.

वर्गात नेमके काय करावे, असे आम्हाला शिक्षक विचारतात. आमचा अनुभव सांगतो. आधी मूळ मजकूर वाचायचा, मोठ्याने. मग मुलांनी स्वतःच्या हाताने चित्र काढायचे, कसेही येवो. यंत्राची पाळी सगळ्यात शेवटी. ते शिक्षकाने चालवावे, मुलांच्या हाती देऊ नये. मग मजकूर आणि यंत्राचे चित्र शेजारी ठेवून चुका शोधायच्या: कपडे, रंग, कोण कुठे बसले आहे, कोण उभे आहे, कोण चित्रातच नाही. क्रम उलटा केला, आधी यंत्राचे चित्र दाखवले, की मुलांची चित्रे यंत्रासारखीच येतात. हे आम्ही दोन गटांत करून पाहिले आहे. 'आदर्श विद्यार्थी', 'शास्त्रज्ञ', 'सफाई कामगार', 'सुंदर मुलगी' असे शब्द देऊन प्रत्येकी दहा चित्रे काढायची आणि फळ्यावर मोजणी करायची, हा खेळ मुलांना फार आवडतो. त्यात गणितही होते. 'सुंदर मुलगी'ची मोजणी झाल्यावर मुलींच्या बाजूला जी शांतता पसरते, तिथे मात्र शिक्षकाला बोलता आले पाहिजे. येत नसेल तर तो शब्द देऊ नये.

आजीला विचारून काढलेले चित्र हा आमचा सगळ्यात आवडता उपक्रम आहे. गावात पाणी कुठून आणायचीस, विहिरीवर कोण वाढायचे, तू कुठे उभी राहायचीस, हे मुलाने विचारून यायचे आणि काढायचे. असे चित्र जगातल्या कोणत्याही साठ्यात नाही. यंत्राला ते काढता येणार नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

ज्यांना वाटते की माणसाने काढलेल्या चित्रात असे काय वेगळे असते, त्यांनी 'भीमायन' पाहावे. २०११ साली आलेल्या या पुस्तकात दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांच्या आयुष्यातले हेच प्रसंग चितारले आहेत, पाण्याचे, प्रवासाचे, बडोद्याचे. त्यांनी चौकटी मोडल्या. प्रेमळ बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात घातले आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी लावली. त्यांनी ते आपल्या परंपरेतून, आपल्या समजुतीतून काढले. आमच्या वर्गातल्या मुलांनी ते पाहून स्टेशनमास्तरच्या तोंडातून नांगीचे फुगे काढले, ते आम्ही भिंतीवर लावले आहेत.

एक गोष्ट पालकांसाठी. मार्च २०२५ मध्ये जपानी कार्टूनच्या शैलीत फोटो बदलून घेण्याचे खूळ आले होते, तेव्हा कितीतरी शिक्षकांनी वर्गातल्या मुलांचे फोटो त्या यंत्रांवर चढवले. पालकांना विचारले नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते, असे म्हटले आहे. युनेस्कोनेही त्याच वर्षी अशी यंत्रे वर्गात वापरण्यासाठी किमान तेरा वर्षांची मर्यादा सुचवली. आपल्या वस्तीतले पालक शाळेत गेले की खालच्या आवाजात बोलतात, गुरुजींना विचारायला संकोचतात. माझ्या मुलाचा फोटो कुठे चढवला, हा प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. तो त्यांनी पालकसभेत उभे राहून विचारावा.

येत्या १४ एप्रिलच्या चित्रकला स्पर्धांत काही मंडळे 'एआय चित्र' असा वेगळा गट ठेवणार असल्याचे आमच्या कानावर आले आहे. त्यांना आमची विनंती आहे की गट जरूर ठेवावा, पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला एकच प्रसंग सगळ्यांना द्यावा, प्रत्येक चित्राखाली ते यंत्राने काढले आहे हे ठळक लिहावे, आणि बक्षीस सर्वांत सुंदर चित्राला न देता, आपल्या चित्रातल्या सर्वाधिक चुका मूळ मजकुराचा आधार देऊन दाखवणाऱ्या मुलाला द्यावे.